वावरात राहायला जाण्याआधी

पहाटे 4:45, वाशिम

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. नवतपा लागला आहे. दुपारी अंगाची लाही होते, म्हणून जमिनीच्या पाहणीला अंधार असतानाच निघावं लागतं. गाडीत सामान भरतो: वजन बांधलेला लांब टेप, टिकाव, फावडं, पाण्याच्या नमुन्यांसाठी धुतलेल्या बाटल्या, तीन गावांचे नकाशे, तीन गटांचे सातबारे आणि फेरफार, पिण्याच्या पाण्याचा जार.

आज सोबत पुण्याहून आलेलं एक जोडपं आहे, दोघंही चाळिशीच्या घरातली. त्याचं मूळ गाव रिसोड तालुक्यात, ती शाळेत विज्ञान शिकवते. मुलं दोन. 2020 च्या टाळेबंदीत चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून दोघांनी ठरवलं, की पुढच्या संकटात आपल्याकडे आपलं धान्य, आपलं पाणी आणि आपलं छप्पर असलं पाहिजे. तीन-चार एकर घ्यायचे, तिथेच घर बांधायचं, बाहेरचं सगळं बंद पडलं तरी सहा महिने निभावेल अशी तयारी ठेवायची. अशी विचारणा घेऊन येणारी माणसं वाढत आहेत. त्यांच्या इच्छेबद्दल मला आदर आहे. म्हणूनच त्यांना मी मे महिन्यात बोलावतो. दिवाळीत हिरवंगार वावर पाहून केलेला सौदा उन्हाळ्यात महागात पडतो.

पहाटे 5:30, रिसोडच्या रस्त्यावर

गाडीत पहिला प्रश्न कायद्याचा. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. विदर्भासाठी 1958 चा वेगळा कूळकायदा आहे आणि त्यातही हीच अट आहे. नवऱ्याचं नाव वडिलोपार्जित जमिनीच्या आठ-अ उताऱ्यावर लागलेलं आहे, म्हणून आजचा प्रवास शक्य झाला. नाव नसतं तर आधी तहसील कार्यालयाची पायरी चढावी लागली असती.

दुसरा प्रश्न ती विचारते. "काका, हाच जिल्हा चांगला की वाईट, असं एका वाक्यात सांगता येईल?"

एका वाक्यात सांगता येत नाही, पण एका नकाशात दिसतं. वाशिम जिल्हा छपराच्या आढ्यासारखा आहे. उत्तरेला पडलेलं पाणी काटेपूर्णेतून पूर्णेत आणि तापीतून अरबी समुद्रात जातं. दक्षिणेचं आणि पूर्वेचं पाणी पैनगंगा, अडाण, अरुणावती यांच्या वाटेनं गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात जातं. काटेपूर्णेवरचं मोठं धरण महानला, म्हणजे अकोला जिल्ह्यात. अरुणावतीचं मोठं धरण यवतमाळ जिल्ह्यात. नद्या इथे उगम पावतात आणि मोठ्या होईपर्यंत जिल्ह्याची हद्द ओलांडतात. पाऊस सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तो काही कमी नाही. पण खाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात मावेल तेवढंच पाणी थांबतं, बाकीचं वाहून जातं. शेजारच्या अकोल्यात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथल्या भूजलात क्षार आहेत. वाशिमचा बराचसा भाग घाटावरचा, त्या दुखण्यापासून दूर. इथे पाण्याची अडचण चवीची कमी आणि टिकण्याची जास्त.

या जिल्ह्याचा कारभारही बराच काळ दुसरीकडून चालला. वत्सगुल्म नावानं वाशिम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. इंग्रजी अमलात वाशिम जिल्ह्याचं ठिकाण होतं. 1905 मध्ये तो जिल्हा मोडला आणि 1 जुलै 1998 ला पुन्हा झाला. पुढे 2018 मध्ये केंद्रानं आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांची यादी काढली. महाराष्ट्रातले चार जिल्हे तिच्यात होते, त्यांत गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचं उस्मानाबाद यांच्यासोबत वाशिम होतं. इथे येऊन राहणाऱ्यानं हे जाणून यावं. सोयी होत आहेत, पण त्या उशिरा सुरू झाल्या आहेत.

सकाळी 6:45, पैनगंगेच्या बाजूचं वावर

पहिला गट रिसोड तालुक्यात, नदीपासून फार लांब नाही. काळी, भारी जमीन. उन्हानं भेगा इतक्या रुंद पडल्या आहेत की हात आत जातो. टिकाव घालून खड्डा घेतला. कंबरेएवढं खोदलं तरी मुरूम लागला नाही. अशी माती ओल धरून ठेवते, रब्बीचा हरभरा एखाद्या पाण्यावर येतो. त्याचा चेहरा खुलला.

विहिरीत टेप सोडला. सहा मीटर व्यासाची बांधीव विहीर, मे महिन्याच्या शेवटी दोन मीटर पाणी उभं. हिशेब सोपा आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे अठ्ठावीस हजार लिटर. दोन मीटर म्हणजे छप्पन हजार. पण उभं पाणी पाहून भुलायचं नसतं. मोटर दोन तास चालवायला लावली, पाणी किती उतरलं ते मोजलं, आणि ते परत किती चढलं हे संध्याकाळी मोजून कळवायला मालकाला सांगितलं. विहिरीची ताकद तिच्या झऱ्यात असते आणि झरा उपशानंतरच कळतो.

धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक म्हातारे गृहस्थ आले. शेजारच्या वावराचे मालक. त्यांना मी एकच विचारलं, "बाबा, पाणी कुठपर्यंत येते?"

त्यांनी काही न बोलता बाभळीकडे नेलं. खोडाला छातीच्या उंचीवर वाळलेलं गवत आणि चिंध्या अडकलेल्या होत्या. "नदी भरली का नाला उलटा फिरते भाऊ. नाल्याचं पाणी नदी घेत नाही, मंग ते आपल्या वावरात बसते. दोन दिस, तीन दिस."

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या रांगेत उगम पावते आणि वाशिम-हिंगोलीच्या सीमेवरून वाहते. वर जोराचा पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. मोठ्या नद्यांवर जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नाल्याकाठच्या गटाला मात्र अशी रेषा बहुतेक वेळा नसते. तिथे बाभळीचं खोड पाहायचं आणि शेजाऱ्याला विचारायचं.

वहीत नोंद केली: पिकाला उत्तम, घराला नाही.

सकाळी 8:30, ग्रामपंचायत

जमिनीएवढाच वेळ मी गावाला देतो. तलाठ्यांकडे सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना वाचायचा. बँकेचा बोजा, विहिरीतला सामाईक हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, सगळं तिथे असतं किंवा असायला हवं. भोगवटादार वर्ग-2 असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर कायद्यानं तिला वेगळं संरक्षण आहे. ते मोडणारी पळवाट कुणी सुचवली तर तिथूनच उठावं. शेजारी ई-क्लास, म्हणजे गावाची सरकारी पड जमीन असेल तर हद्द मोजणीतूनच पक्की करावी. खांब कुठे आहेत हे विकणाऱ्याच्या तोंडावर सोडू नये.

पोलीस पाटलांना भेटलो. गावात पाण्याचा टँकर शेवटचा कधी आला, वीज पडून जनावर कधी दगावलं, पुरात वाट किती दिवस बंद होती, हे ते तारखेसह सांगतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 मध्ये आला, त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहे आणि नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक आहे. तरी संकटाची पहिली हाक ऐकणारे पोलीस पाटील, कोतवाल, आशा ताई आणि शेजारी असतात. त्यांचे नंबर तिनं तिथेच उतरवून घेतले. मला ते फार आवडलं.

सकाळी 10:00, करड्याच्या रस्त्याला

रिसोड तालुक्यात करडा इथे जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. नव्यानं शेती करणाऱ्यानं माती परीक्षणाचा अहवाल हातात घेऊन तिथे जावं आणि आपल्या जमिनीला कोणतं वाण मानवेल ते विचारावं, असा माझा आग्रह असतो. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही लांब नाही.

वाटेत धान्याचा हिशेब मांडला. चार माणसांच्या घराला ज्वारी, गहू, तांदूळ मिळून वर्षाला पाच-सहा क्विंटल धान्य लागतं. डाळी दीड क्विंटलभर. एक एकर ज्वारी, अर्धा एकर गहू आणि अर्धा एकर तूर-हरभरा यांत बेताच्या वर्षीही घर निघतं. तेलासाठी करडई किंवा भुईमुगाचा तुकडा, धुऱ्यावर तीळ आणि अंबाडी. म्हणजे पोटापुरतं दोन-अडीच एकरांत भागतं. उरलेल्या जमिनीत चारा, झाडं आणि मीठ-कपडा-औषधाच्या पैशासाठी सोयाबीन.

अडचण वेगळी आहे. हा जिल्हा आता सोयाबीनचा आहे. पूर्वी वऱ्हाडात ज्वारी आणि कपाशी होती. ज्वारीनं माणसाला भाकर दिली आणि जनावराला कडबा दिला. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीन आलं, हातात रोख आली, पण कडबा गेला. कडब्यामागे जनावरं कमी झाली आणि जनावरांमागे शेणखत. गावात ज्याच्या घरी वर्षाची ज्वारी भरलेली आहे असं घर शोधावं लागतं. शेतकऱ्याचं घरही आता दुकानातल्या पिठावर आणि रेशनवर चालतं. शहरातून आलेल्याला वाटतं की गावात धान्याचं कोठार असेल. ते कोठार पुन्हा भरावं लागेल.

आणि एकट्यानं ज्वारी पेरली तर काय होतं? शिवारातली सगळी पाखरं त्या एकाच वावरात उतरतात. रोही आणि रानडुकरांचंही तसंच. राखण सगळ्यांनी मिळून केली तर पीक हाती लागतं. म्हणून त्याला मी सांगितलं, की ज्वारी पेरायची असेल तर धुऱ्यापलीकडच्या दोन शेजाऱ्यांना आधी तयार करा, बियाणं तुम्ही द्या.

सकाळी 11:30, शिरपूरवरून मालेगाव तालुक्यात

शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर डाव्या हाताला ठेवून पुढे निघालो. दुसरा गट उंचावर आहे. चारी बाजूंना टेकड्या, पळसाची आणि सीताफळाची झुडपं, लांबवर दिसणारं धरणाचं पाणी. ती गाडीतून उतरली आणि म्हणाली, "इथेच घर हवं." कुणालाही असंच वाटेल.

टिकाव मारला. वीतभर माती, खाली मुरूम. अशी जमीन पाऊस थांबला की लगेच कोरडी होते आणि पंधरा दिवसांचा खंड पडला की सोयाबीन माना टाकतं. विहिरीत टेप सोडला, वजन खडकावर आपटलं. मालकानं खरं सांगितलं, "मार्चलोक राहते पाणी. मंग नाही." खोटं न बोलणाऱ्या त्या माणसाचे मी आभार मानले.

घराला मात्र जागा सोन्यासारखी आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरच्या भिंतींना तडे जातात, पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. जुन्या माणसांनी गाव पांढरीत वसवलं आणि काळी पिकाला ठेवली, त्यामागे हाच अनुभव होता. इथे सीताफळ येईल, आवळा येईल, शेळ्या राहतील, कोंबड्या राहतील. पण मार्चनंतर प्यायलाही टँकर लागेल. संकटाची तयारी म्हणून घेतलेल्या जागेवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची असेल तर तयारी कसली?

वहीत नोंद: घराला उत्तम, साठवण केल्याशिवाय राहायला नाही.

दुपारी 1:00, मालेगाव

उन्हात कोणी बाहेर राहू नये. एका ओळखीच्या घरी जेवलो: ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा, कैरीचं पन्हं. जेवण झाल्यावर ओसरीवर बसून पाण्याचा हिशेब मांडला. आजच्या दिवसातलं माझं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

जल जीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर आहे. चार माणसं, फेब्रुवारी ते मे असे 120 दिवस. झाले 26,400 लिटर. दोन गाई, प्रत्येकी 50 लिटर, त्याच 120 दिवसांचे 12,000. एकूण 38,400. आता छप्पर. शंभर चौरस मीटर छपरावर वर्षात आठशे मिलिमीटर पाऊस पडला तर 80,000 लिटर पाणी पडतं. गळती, बाष्प, पहिल्या पावसाचं धुतलेलं पाणी वजा केलं तरी 60,000 हाती लागतं. म्हणजे चार मीटर लांब, चार मीटर रुंद, अडीच मीटर खोल अशी झाकलेली एक टाकी बांधली, तर तिच्यात 40,000 लिटर मावतात आणि विहीर पूर्ण आटली तरी घर आणि गोठा उन्हाळा काढतात. पिकाला त्यातला थेंब मिळणार नाही. पण माणसाला गाव सोडावं लागणार नाही.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसं खडी फोडायला गेली, त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत पाझर तलाव, जलयुक्त शिवार, शेततळी, 2018 पासूनचा हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा पोकरा प्रकल्प अशा अनेक योजना आल्या आणि जिथे गावानं मनावर घेतलं तिथे विहिरींना फरक पडला. तरी घराच्या छपराचं पाणी अजून नालीत जातं. हजारो गावांत हीच गत आहे. या एका टाकीसाठी मी प्रत्येकाच्या मागे लागतो. घर बांधण्याच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ टाकीची असावी, फरशीची शेवटी.

दुपारी 3:30, प्राथमिक आरोग्य केंद्र

ऊन जरा कललं. तिसऱ्या गटाच्या वाटेवरच्या आरोग्य केंद्रात थांबलो. शेतात राहणाऱ्या घराला सर्वांत जवळचा धोका सापाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही जातींवर चालणारी लस एकच आहे. ती इथे ठेवलेली आहे का, रात्री कोण असतं, रस्ता पावसात चालतो का, ही तीन उत्तरं घेतली. चिरा देणं, करकचून बांधणं, मंत्र टाकणं यात वेळ गेला की माणूस जातो. चावलेला भाग न हलवता रुग्णाला थेट दवाखान्यात न्यायचं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, म्हणून खाट आणि मच्छरदाणी. पुढचे उपचार वाशिमला जिल्हा सामान्य रुग्णालयात. 2024 पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे, ही मोठी सोय झाली.

दुसरा धोका विजेचा. मृगाच्या पहिल्या सरींत आणि सोयाबीनच्या सोंगणीच्या वेळी वीज पडून माणसं जातात, कारण त्या दिवसांत सगळं गाव वावरात असतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. दोघांनीही ते मोबाइलमध्ये घेतलं. झाडाखाली उभं राहायचं नाही, गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जायचं.

गारपीट फेब्रुवारी-मार्चची. 2018 च्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्यात गारांनी हरभरा आणि गहू झोडपला, त्यात वाशिम जिल्हाही होता. उपाय एवढाच की एकाच पिकावर वर्ष लावायचं नाही आणि मागच्या वर्षीचं धान्य नवं घरात येईपर्यंत विकायचं नाही.

भूकंपाबद्दल तिनंच विचारलं. 2024 मध्ये शेजारच्या हिंगोलीत मार्च आणि जुलैमध्ये 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हजारो माणसं दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली गेली. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांची रचनाही तशीच आहे. मातीचं घर बांधायची हौस असेल तर छप्पर हलकं ठेवा आणि भिंतीला खिडक्यांच्या वर-खाली बांधपट्टे घाला.

राहिला आगीचा धोका. कुटाराची गंजी घरापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. हे सांगायला खर्च नाही, पाळायलाही नाही.

संध्याकाळी 5:15, शेलूबाजारच्या बाजूला

तिसरा गट मंगरुळपीर तालुक्यात. समृद्धी महामार्गाचं शेलूबाजारचं वळण जवळ आहे. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि इथल्या जमिनीकडे लोकांचं लक्ष गेलं. मोठ्या रस्त्याजवळ जमीन म्हणजे संकटात सोय, असा समज आहे. पण महामार्गाला कुंपण आहे, वर जायला ठरलेलीच जागा. आपल्या घरापर्यंत जो रस्ता येतो तो पांदण रस्ता. काळ्या मातीच्या पांदणीतून जुलैत ट्रॅक्टरही जात नाही. रुग्णवाहिकेचा 108 फिरवला तरी ती डांबरी सडकेवर उभी राहणार आणि पुढचं अंतर बाजेवर.

हा गट गावठाणाला लागून आहे, मध्ये दोन वावरं. वरचा भाग मुरमाड, खाली उतरत मध्यम काळी. वरच्या टोकाला घर, खाली पीक, मध्ये चारा. विहिरीत मे महिन्यात एक मीटर पाणी, पण सामाईक. सातबाऱ्यावर निम्मा हिस्सा नोंदलेला आहे. पांदण नकाशावर दिसते, जमिनीवर मात्र धुरे कोरून अर्धी झाली आहे. नकाशावर रस्ता असेल आणि कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. नसेलच तर महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते. पण शेजाऱ्यावर अर्ज करून गावात राहायला येऊ नका. आधी त्यांच्या ओसरीवर बसा.

विजेचाही हिशेब इथे बरोबर बसतो. शेतीच्या वाहिनीवर वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. गावठाणाची वाहिनी वेगळी. घर गावाजवळ असेल तर ती जोडणी मिळणं सोपं जातं. पंपाला सौर पंप, घराला चार दिवे आणि पंखा चालेल एवढी सौर पाटी, बाकी महावितरण.

संध्याकाळी 6:30, गावात

ओट्यावर बसलेल्या बायकांजवळ ती गेली. मी लांब थांबलो. पुरुषांना विचारलं की विहिरीला पाणी आहे म्हणतात, बायकांना विचारलं की हंडा भरायला किती वेळ लागतो ते कळतं. एका आजीनं तिला सांगितलं, "राहा बाई, पण वावरात एकटी नको राहू. गावाच्या काठावर राहा. आवाज दिला तर ऐकू आला पाहिजे."

अमेरिकेत 1862 च्या होमस्टेड कायद्यानं कुटुंबाला 160 एकर जमीन मिळत असे, अट अशी की पाच वर्षं तिथेच राहून ती कसायची. म्हणून तिथे एकेका रानात एकेक घर उभं राहिलं. आजही जगभर संकटाच्या तयारीची जी पुस्तकं आणि व्हिडिओ फिरतात, त्यांच्या मुळाशी तेच एकटं घर असतं: उंच कुंपण, भरलेलं तळघर, बाहेरच्याबद्दल संशय. आपल्याकडे घरं गावात आणि वावरं भोवती, ही रचना शतकानुशतकं टिकली. दुष्काळात उसनं मिळतं, बाळंतपणाला सुईण येते, आग लागली की बादल्या घेऊन सगळे धावतात, साप निघाला की हाक पोहोचते. जातीची, भावबंदकीची, धुऱ्याची भांडणं गावात आहेत, आणि नव्या माणसाला ती सोसावी लागतात. तरी संकटाच्या रात्री कुंपण कामाला येत नाही, शेजारी येतो.

रात्री 8:30, वाशिम

तिघांनी बसून वही उघडली. नदीकाठचा गट: जमीन पहिल्या प्रतीची, घराला धोका. कोणाचं गावात घर असेल त्यानं जरूर घ्यावा. टेकडीवरचा गट: मन रमेल, पाणी नाही. मोठी टाकी आणि बारमाही उत्पन्न असलेल्यालाच झेपेल. गावाजवळचा गट: जमीन मध्यम, विहीर निम्मी, पण वाट, वीज, दवाखाना आणि हाक हे सगळं जवळ. माझा कौल तिसऱ्याला, अटींसह. विहिरीच्या पाळीचा लेखी करार, भूमी अभिलेखाकडून मोजणी, पाण्याची तपासणी, आणि इसार देण्याआधी जुलैत एकदा पांदणीतून चालत जाणं.

वाशिम जिल्ह्याबद्दल विचाराल तर माझं मत ठाम आहे. इथे जमीन अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे, माती बरी आहे, पाऊस पुरेसा पडतो, भाकरीपुरतं पिकवता येतं. पाणी मात्र इथे थांबत नाही, ते तुम्हाला थांबवावं लागेल. आणि गावाशी जोडून घेतल्याशिवाय इथे कोणतीही तयारी पुरी होणार नाही. या दोन गोष्टी मान्य असतील त्यानं खुशाल यावं. गावं ओस पडत चालली आहेत, शिकलेल्या, मेहनती माणसांची त्यांना गरज आहे. गुंतवणूक म्हणून तारेचं कुंपण घालून जमीन पडीक ठेवायची असेल, तर कृपा करून ती कसणाऱ्याच्या हाती राहू द्या.

जे येणार आहेत त्यांना एवढंच सांगतो. मे महिन्यात येऊन विहिरीत टेप सोडा, जुलैत येऊन रस्ता चाला, मग गावातल्या चार घरांत चहा घ्या. पैशाची बोलणी त्यानंतर.